आधीच लिहिलेला सोमवार

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. पण मला नुसती वही म्हटलं की मनाला लागतं. वही किराणा दुकानात असते. मी प्रोसिडिंग बुक आहे. सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, ते ज्यात लिहून ठेवतात ते पुस्तक. इंदापूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात माझं सगळं आयुष्य गेलं. आणि सांगायला लाज वाटते, तरी आधीच सांगून टाकते. माझ्या अंगावर जे लिहिलंय, त्यातलं बरंचसं खोटं आहे.

यात माझा काही दोष नाही हो. माझा जन्म बारामतीत झाला. झुंबर नावाच्या बाइंडरने १९९१ साली माझी दोनशे पानं शिवली, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून पुठ्ठे चिकटवले, पाठीला आणि कोपऱ्यांना लाल कापड लावलं. मग नंबर मारायच्या यंत्राने पानापानावर खट् खट् करून आकडे उठवले. ते करताना तो बायकोला म्हणाला, "ह्या वहीचं पान फाडून पचत न्हाय बघ. फाडलं की आकडा बोंबलतो." ते ऐकून माझी पाठ आणखी ताठ झाली. आपल्या हातून आता फक्त खरं कार्य होणार, असं त्या भाबड्या वयात मला वाटलं.

कॉलेजात मी मोहनरावांच्या ताब्यात आले. मोहनराव हेडक्लार्क. माणूस सज्जन, कधी कुणाच्या चहाला मिंधा नाही. अक्षर तर इतकं देखणं की बघणारा वाचायचंच विसरायचा. प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या अक्षराला ते खाली एक बारीक शेपटी काढत, उंदराला असते तशी. पण कॉलेजात येण्यापूर्वी ते सोळा वर्षं गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि तिथली एक सवय त्यांनी बरोबर आणली होती. सभा व्हायच्या आधीच ते प्रोसिडिंग लिहून ठेवत.

सोसायटीत ते चालून जायचं. सभासदांना धारा काढायला घरी जायची घाई. आले, सह्या केल्या, चहा प्याले आणि गेले. ठराव ठरलेले, भांडणंसुद्धा ठरलेली. मोहनरावांचा एक नियम मात्र कडक होता. प्रत्येक ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, तर हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव कुठे ना कुठे आलंच पाहिजे. नाहीतर माणसं रुसतात आणि दुसऱ्या दिवसापासून दूध दुसऱ्या डेअरीला घालतात.

हा सगळा कारभार कॉलेजात सुरू झाला. न झालेल्या सभा माझ्यात झाल्या. न लावलेली झाडं माझ्यात वाढली. एकदा तर कहरच झाला. संस्थेचे एक जुने सभासद, डाळजचे गेणबा, पुण्याला दवाखान्यात होते. आज जातात की उद्या, अशी बातमी आली. मोहनरावांनी सभेच्या आदल्या दिवशीच शोकप्रस्ताव लिहून टाकला. दोन मिनिटं स्तब्धता, आत्म्यास शांती, सगळं. गेणबा खडखडीत बरे झाले आणि पुढच्या सभेला एस.टी.ने आले. रिवाजाप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायला सह्यांसाठी मी फिरले. गेणबांनी आपल्या स्वतःच्या मरणाखाली झोकात सही केली आणि मोहनरावांना म्हणाले, "अक्षर लई झ्याक हाय तुमचं."

तेव्हा मला कळलं की मित्रांनो, आपल्याला कुणी वाचतच नाही. सगळे फक्त सही कुठे करायची ते विचारतात.

आता मी १९९६ सालाकडे येते. फेब्रुवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन झालं. तेव्हा फिशपॉन्डची मोठी हौस असायची. आठ दिवस आधी ऑफिसाबाहेर एक माठ ठेवायचे. ज्याला कुणाची चेष्टा करायची असेल त्याने नाव न घालता चिठ्ठी लिहून माठात टाकायची आणि संमेलनाच्या दिवशी कुणीतरी एकेक चिठ्ठी काढून स्टेजवरून वाचायची. त्या वर्षी वाचायला सुकन्या होती. अंथुर्ण्याची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, आवाज खणखणीत. तिने एक चिठ्ठी काढली आणि वाचली:

"पोरं येतात दहाला, सर येतात बाराला,
हजेरी घेऊन झाली की लगेच जातात चहाला!"

मांडव हसून हसून आडवा झाला. सगळ्यात मोठ्याने हसले ते उपप्राचार्य भिसे सर. हे दुसऱ्या कुणावर तरी आहे, असं त्यांना वाटलं होतं. मग हळूहळू सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या आणि सरांचं हसू तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाराला आल्या आल्या सरांनी तक्रार दिली. सुकन्येने मुद्दाम चिठ्ठी लिहून गुरुजनांचा अपमान केला, सबब तिला एक वर्ष परीक्षेस बसू देऊ नये. चौकशी समिती नेमली. अध्यक्ष प्राचार्य. सभासद भिसे सर स्वतः. साक्षीदारही भिसे सरच. संस्थेतर्फे तात्याबा, ते अंथुर्ण्याचेच. चौकशी सोमवारी, सव्वीस तारखेला. सुकन्येला नोटीस वगैरे काही नाही. शिपाई म्हस्कू तिला व्हरांड्यात एवढंच म्हणाला, "सोमवारी हापिसात ये गं, सायबांनी बोलवलंय."

सुकन्येच्या घरात एक बोली झालेली होती. पोरगी या वर्षी पास झाली तर पुढे बी.एड. वर्ष वाया गेलं तर दौंडकडचं एक स्थळ तयार होतं, त्यांची सोनं घ्यायचीसुद्धा तयारी झाली होती. म्हणजे त्या वर्षाबरोबर तिचं सगळंच जाणार होतं.

मोहनरावांना सोमवारी साडूच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं. त्यांनी गुरुवारी सकाळीच माझं पान एकशे त्रेचाळीस उघडलं आणि सोमवार लिहून काढला. "विद्यार्थिनी कु. सुकन्या हिने गुन्हा कबूल केला. तिला अश्रू अनावर झाले. एक वर्ष परीक्षेस बसू देऊ नये असे ठरले. सूचक: प्रा. भिसे." मग ते थांबले. अनुमोदक कोण? प्राचार्य अध्यक्ष होते, तात्याबांचं नाव आभारात घातलं होतं. हजर असणाऱ्यांपैकी एकच नाव उरलं होतं. मोहनरावांनी सवयीने लिहिलं, "अनुमोदक: कु. सुकन्या. ठराव सर्वानुमते मंजूर. चहापान होऊन सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली." पुरावा म्हणून ती चिठ्ठी त्यांनी पानाला टाचणीने लावली. टाचणी लावताना त्यांच्या हाताला घाम सुटला होता. का, ते मला लगेच कळलं, कारण चिठ्ठीतल्या दोन्ही ओळींच्या शेवटी बारीक शेपटी होती.

होय मित्रांनो. चिठ्ठी मोहनरावांनीच लिहिली होती. दाखल्यांवर भिसे सरांची सही लागायची आणि लांबून एस.टी.ने आलेली पोरं दहापासून मोहनरावांच्या खिडकीशी उभी राहून मोहनरावांनाच बोल लावायची. एवढ्या वर्षांत माणसाने एकदाच माठात हात घातला होता!

म्हस्कूने मला पिशवीत घातलं आणि तात्याबांच्या आगाऊ सहीसाठी अंथुर्ण्याला आणलं. तात्याबा तरकारी घेऊन बारामतीला गेले होते. त्यांच्या बायकोच्या, सरुबाईंच्या हातात मला देऊन म्हस्कू परतीच्या एस.टी.मागे पळाला. सरुबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण काम चोख हवं असायचं. त्यांनी बांधापलीकडे हाक मारली.

"सुकन्ये, ये गं हिकडं! तात्यानं सही कुठं करायची, तेवढं बोट ठिवून दाव."

सुकन्या आली. तिने मला मांडीवर घेतलं आणि सही कुठे करायची ते न बघता पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पाच वर्षांत मला पहिल्यांदा कुणी वाचत होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण लाजेने माझे पुठ्ठे वाकले.

ती आधी खुदकन हसली. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं ते हलेना.

"काय लिवलंय गं?" सरुबाईंनी विचारलं.

"काकू, सोमवारी मी लई रडले म्हणं."

"आगं, सोमवार तर अजून यायचाय!"

"व्हय. आन् माजं वरीस बुडवायचा ठराव झाला. त्याला अनुमोदनबी मीच दिलं."

सरुबाईंनी हातातली मिरची खाली ठेवली. त्यांना ठराव कळत नव्हता, पण सोमवार कळत होता. संध्याकाळी तात्याबा आले आणि सवयीने पेन काढून उभे राहिले, तर सरुबाई माझ्यावर बसल्या होत्या. होय, माझ्यावर. त्या म्हणाल्या, "आदी सोमवार हू द्या. मग सही करा." तात्याबांनी आवाज चढवून पाहिला, समजूत घालून पाहिली. सरुबाई उठल्या नाहीत. मी बिनसहीची परत गेले.

सुकन्येने त्या वेळात एक गोष्ट केली. प्रवेश घेताना मिळालेलं कॉलेजचं माहितीपत्रक तिने पेटीतून काढलं. पुढे संस्थेच्या लोकांचे फोटो, मधे अभ्यासक्रम आणि शेवटच्या पानावर बारीक टायपात नियम. त्यात स्पष्ट छापलं होतं. कारवाईपूर्वी विद्यार्थ्यास आरोप लेखी द्यावा. पुराव्याची प्रत द्यावी. उत्तरासाठी आठ दिवस द्यावेत. तक्रारदाराने समितीत बसू नये. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून, कारणे देऊन निर्णय करावा. खाली प्राचार्यांची छापील सही.

शुक्रवारी ती अर्ज घेऊन ऑफिसात आली. टेबलावर मी होतेच. मोहनरावांनी आवक शिक्का मारला. पुराव्याची प्रत द्यायची म्हणून त्यांनीच ती चिठ्ठी समोर ठेवून उतरवून दिली. मूळ चिठ्ठी आणि प्रत शेजारी शेजारी!

सुकन्येने दोन्हींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाली, "काका, मी रडले म्हणून लिवलंत ते ऱ्हाऊ द्या. पण अनुमोदन कसं दिलं मी?"

"आगं, नाव उरलं हुतं तुजं," मोहनराव अजिजीने म्हणाले. "कुणाला वगळू नाय."

"आन् चिठ्ठीचं अक्षर लई वळणदार हाय," ती म्हणाली आणि निघून गेली. मोहनराव त्या दिवशी डबा खायचं विसरले.

प्राचार्य मऊ स्वभावाचे गृहस्थ. कुणी काहीही म्हटलं तरी "बरं, बरं" म्हणत. अर्जाच्या शेवटी "न्याय न मिळाल्यास विद्यापीठाकडे दाद मागेन" असं वाचल्यावर त्यांनी स्वतःचं माहितीपत्रक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. नोटीस निघाली. आरोप लेखी झाला: चिठ्ठी सुकन्येने लिहिली. तारीख आठ दिवस पुढे गेली. पान एकशे त्रेचाळीस फाडावं असं भिसे सर म्हणाले, पण माझा आकडा बोंबलला असता. मग त्यावर तिरकी रेघ मारून "सदर सभा झाली नाही" असं लिहिलं आणि प्राचार्यांनी सही केली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं वाक्य.

चार मार्चला चौकशी भरली. सुकन्येला बसायला खुर्ची दिली. भिसे सर सवयीने प्राचार्यांशेजारी बसायला गेले, तर तात्याबा म्हणाले, "सर, तुमी पलीकडं. तक्रार तुमची हाय ना?" सर टेबलाला वळसा घालून सुकन्येच्या शेजारी बसले. मोहनराव माझं कोरं पान उघडून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं.

"तुला काही विचारायचं आहे का?" प्राचार्यांनी सुकन्येला विचारलं.

"होय सर. भिसे सरांना एकच प्रश्न आहे. चिठ्ठीत कुणाचं नाव नाही. मग ती तुमच्यावरच आहे हे कशावरून, सर?"

"कशावरून म्हणजे?" सर कडाडले. "बाराला येणारा या कॉलेजात मी एकटाच आहे! सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे!"

मोहनरावांचं पेन कुरकुरत चाललं होतं. सर ओरडले, "ते कशाला लिहिता?"

"तुमी बोलला म्हणून," मोहनराव म्हणाले.

"बरं, बरं," प्राचार्य म्हणाले.

सुकन्येने सांगितलं की तिने चिठ्ठी वाचली, लिहिली नाही. माठातून जे हाताला आलं ते वाचलं. तिचा घटक चाचणीचा पेपर मागवला. तिचं अक्षर तिरपं, काटक्या ठेवल्यासारखं. चिठ्ठीशी सुतराम जुळेना.

"मग लिहिली कोणी?" भिसे सर म्हणाले. "हिला नक्की माहीत आहे. सांग, नाहीतर लपवण्याचा गुन्हा लावतो!"

मी जीव मुठीत धरून ऐकत होते. तिने फक्त बोट दाखवायचं होतं. तिचं वर्ष तिला लगेच परत मिळालं असतं. चिठ्ठी माझ्या उघड्या पानावरच पडली होती, मोहनरावांच्या ओल्या अक्षरांना लागून.

सुकन्या म्हणाली, "सर, नोटिशीत आरोप एवढाच आहे की मी लिहिली. त्याचं उत्तर मी दिलं. दुसऱ्या कुणाचं नाव मी घेणार नाही."

मोहनरावांनी तेही लिहिलं. मग पेन थांबलं. बराच वेळ थांबलं, माझ्या कागदावर शाईचा ठिपका पसरला. मग त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आणि उभे राहून, सोसायटीच्या सभेत वाचत त्याच सपाट आवाजात, सगळं वाचून दाखवलं. शेवटची ओळ होती, "सदर चिठ्ठी मी लिहिली. मोहनराव, हेडक्लार्क."

भिसे सर ताडकन उठले. "सस्पेंड करा! आत्ताच्या आत्ता! लिहा ठराव!"

आणि काय सांगू, मोहनराव बसले आणि लिहायला लागले! "सूचक: प्रा. भिसे." मग अनुमोदक कोण म्हणून इकडेतिकडे पाहायला लागले.

"थांबा," सुकन्या म्हणाली. तिचा स्वतःचा निर्णय अजून लागला नव्हता. भिसे सर तिच्याकडे रोखून बघत होते. "सर, काकांनाबी नोटीस द्या. आठ दिवस द्या. आदी त्यांचं ऐकून घ्या. आन् त्यांच्या चौकशीचं त्यांनाच लिवायला लावू नका."

"तू कोण सांगणार?" सर म्हणाले.

तात्याबांनी खिशातून पेन काढलं. मला आपल्याकडे ओढलं आणि, मित्रांनो, पहिल्या ओळीपासून सावकाश वाचलं. ओठ हलवत वाचलं. चहा आला, निवून गेला. मग सुकन्या निर्दोष असल्याचा ठराव लिहायला लावून त्याखाली सही करत ते म्हणाले, "पोरगी बराबर बोलतीया." त्यापाठोपाठ प्राचार्यांनी सही केली.

मोहनरावांच्या हातून पेन घेऊन प्राचार्यांनी स्वतः पुढच्या पानावर लिहिलं, "श्री. मोहनराव यांचे म्हणणे". त्याखाली काही लिहिलं नाही. आठ दिवस माझं ते पान कोरं राहिलं. सोमवारी मोहनराव इस्त्रीचा सदरा घालून आले. समितीत तात्याबा आणि एक दुसरे प्राध्यापक होते. प्राचार्य म्हणाले, "बसा मोहनराव. बोला." मोहनराव सवयीने खिसे चाचपायला लागले. पेन सापडलं नाही. मग ते बोलायला लागले आणि सव्वा तास बोलले. खिडकीशी उभ्या राहणाऱ्या पोरांबद्दल बोलले, सहीविना अडकलेल्या दाखल्यांबद्दल बोलले, आणि न झालेल्या सभांबद्दलही बोलले, ते मात्र खाली मान घालून. लिहिता लिहिता प्राचार्यांचं बोट दुखायला लागलं. मोहनरावांना लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. भिसे सर पुढचे अकरा दिवस दहाला आले. सुकन्या एप्रिलमध्ये परीक्षेला बसली.

आता ऑफिसात कॉम्प्युटर आला आहे. मी स्टोअररूममध्ये क्रीडासाहित्याखाली पडून आहे. मोरचूद घालूनही एका कोपऱ्याला कसर लागलीच. मला झाडा, पुसा, कव्हर घाला, असं मी म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणी सर व्हाल, कुणी साहेब. कुणाच्या तरी आयुष्याचा निर्णय लिहायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा आधी त्याचं नाव लिहा आणि खाली जागा कोरी सोडा. त्याचं बोलून होईपर्यंत निर्णयासाठी पेनाचं टोपण काढू नका.